आधी घर, मग पब

वुस्टरशर काउंटीतील ब्रेटफर्टन या गावात ‘द फ्लीस इन’ हा पब आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ही इमारत उभी राहिली ती बर्ड नावाच्या एका शेतकऱ्याचे घर म्हणून. लांबोळकी वास्तू, एका अंगाला माणसांचा वावर, दुसऱ्या अंगाला गोठा आणि दोहोंवर एकच छप्पर, अशी तिची मूळ रचना होती. त्याच बर्ड घराण्याच्या वंशजांनी १८४८ मध्ये इथे बिअर विकायला सुरुवात केली. म्हणजे चारशेहून अधिक वर्षे या छपराखाली पब नव्हताच. घराण्यातील शेवटच्या मालकीण लोला टॅप्लिन १९७७ मध्ये वारल्या आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार ही वास्तू वारसावास्तू जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे आली.

आत तीन मुख्य खोल्या आहेत. ‘ब्रूहाउस’ ही घरची बिअर बनवण्याची जागा होती, ‘डगआउट’ हे धान्यसामानाचे कोठार होते आणि ‘प्यूटर रूम’मध्ये कथिलमिश्रित धातूच्या ताटल्यांचा सतराव्या शतकातला संच फडताळात मांडून ठेवलेला आहे. १६५१ च्या वुस्टरच्या लढाईला जाताना ऑलिव्हर क्रॉमवेलने सोन्याचांदीच्या बदल्यात हा संच इथे दिला, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी. शेकोटीपुढच्या दगडी फरशीवर मात्र पांढरी वर्तुळे रेखलेली दिसतात. धुराड्यातून चेटकिणी खाली उतरू नयेत म्हणून केलेला हा जुना तोडगा आहे. दारूच्या गुत्त्यात तो चमत्कारिक वाटेल, घराच्या चुलीपुढे मात्र तो अगदी स्वाभाविक होता.

इंग्लंडच्या खेड्यातला जुना पब समजून घ्यायचा तर तो पब म्हणून बांधलेलाच नव्हता, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. शहरातले व्हिक्टोरियन काळचे पब वास्तुविशारदाने आराखडा काढून, नक्षीदार काचा आणि चकचकीत टाइल लावून उभे केले. खेड्यातला पब पिढ्यान्‌पिढ्या साचत गेला. एखाद्या भिंतीला दार पाडले, एखादी खोली मागे वाढवली, गोठ्याचे बैठकघर केले, आणि यातले जवळजवळ काहीही कागदावर आखून झाले नाही.

याचे मूळ बिअरच्या जुन्या अर्थकारणात आहे. मध्ययुगात एल नावाची बिअर घरोघरी बनत असे आणि ते काम बहुधा बायकांचे असे. ती फार दिवस टिकत नसे, म्हणून घरात पुरून उरलेली शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकली जाई. नवी एल तयार झाली की दारावर लांब काठी बाहेर काढून तिच्या टोकाला झुडपाची जुडी बांधायची, तीच पाटी. एल संपली की जुडी उतरायची. असे घर म्हणजे ‘एलहाउस’, आणि त्याला घराहून वेगळा असा वास्तुप्रकारच नव्हता. ‘टॅव्हर्न’मध्ये वाइन मिळे, ती शहरी आणि ऐपतदार लोकांची जागा. ‘इन’ म्हणजे मुक्कामाची, जेवणाची आणि घोड्यांची सोय असलेली सराई. १५५२ च्या कायद्याने एलहाउस चालवायला न्यायाधीशांचा परवाना लागू लागला. १५७७ मध्ये सरकारने बऱ्याचशा काउंट्यांमधल्या अशा जागांची मोजदाद केली, तेव्हा इन सोळाशेच्या आसपास आणि टॅव्हर्न सव्वातीनशेच्या आसपास भरली, तर एलहाउसे चौदा हजारांवर गेली. आजच्या खेड्यातल्या पबचे पूर्वज बहुतांशी या चौदा हजारांच्या जातीचे.

दुसरी मोठी लाट १८३० च्या बिअर कायद्याने आली. स्थानिक कर भरणाऱ्या कोणालाही दोन गिनी फी भरून आपल्या घरात बिअर बनवायला आणि विकायला मोकळीक मिळाली. न्यायाधीशांकडे जाण्याची गरज उरली नाही. लोकांना जिनपासून दूर करावे आणि मोठ्या बिअर कारखानदारांची मक्तेदारी मोडावी, हा सरकारचा हेतू. परिणाम असा झाला की थोड्याच वर्षांत देशभर हजारोंनी ‘बिअरहाउस’ उघडली. लोहार, सुतार, छोटा शेतकरी आपल्या घराची पुढची खोली मोकळी करी, दोन बाकडी टाकी आणि मागच्या खोलीत पिंप मांडी. फ्लीस इनचा जन्म याच काळातला. १८६९ मध्ये परवान्याची सूत्रे पुन्हा न्यायाधीशांच्या हाती गेली, पण तोवर खेडोपाडी घरांचे पब होऊन चुकले होते. हेरेफर्डशरमधल्या लिंटवर्डाइन गावचा ‘सन इन’ हा या जातीचा नामांकित नमुना. तिथे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत, आणि पुढेही काही वर्षे, विटांच्या फरशीच्या साध्या खोलीत लोक बाकांवर बसत आणि बिअर घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातल्या पिंपांतून येई.

आता ही घरे बांधली कशी ते पाहू. दक्षिण आणि मध्य इंग्लंडमध्ये जुन्या घराचा सांगाडा ओकच्या लाकडाचा. ओक ओला असतानाच वापरला जाई, कारण वाळलेल्या ओकवर हत्यार चालता चालत नाही. सुतार आपल्या आवारात चौकटीचा एकेक भाग जमिनीवर आडवा मांडून जुळवत, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकड्यांच्या खुणा कोरत, मग सगळे सुटे करून बांधकामाच्या जागी नेऊन पुन्हा उभे करत. चार हा आकडा ते चार उभ्या रेघांनीच लिहीत. पाचातून एक वजा करण्याच्या भानगडीत पडत नसत. अशा खुणा आजही कित्येक पबांच्या तुळयांवर बोटाने चाचपता येतात. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यांतून आरपार लाकडी खुंटी ठोकली जाई. दोन्ही लाकडांतली भोके मुद्दाम किंचित सरकवून पाडलेली असत, त्यामुळे खुंटी आत जाताना सांधा आवळला जाई. नंतर लाकूड वाळत गेले, पिळले, वाकले, तरी सांधे सुटले नाहीत. जुन्या पबची जमीन तिरकी आणि दारे वेडीवाकडी दिसतात त्याचे एक कारण हे ओले लाकूड. ती वाकडी झाली ती बहुधा पहिल्या काही दशकांतच.

चौकटीच्या मधल्या जागा भरण्यासाठी उभ्या काठ्या आणि त्यांत विणलेल्या हेझलच्या लवचीक फांद्या, त्यावर माती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा लेप, आणि वरून चुन्याची सफेदी. कोकणातल्या कुडाच्या घरात वाढलेल्या माणसाला ही भिंत समजावून सांगावी लागणार नाही. पुढे अनेक ठिकाणी कुड काढून त्या जागी विटा भरल्या गेल्या.

मध्ययुगीन घराचा मुख्य भाग म्हणजे जमिनीपासून आढ्यापर्यंत उघडा असलेला एकच दालनवजा कक्ष. मधोमध जमिनीवर विस्तव, धूर वर जाऊन छपरातून वाट काढी. वरच्या वाशांवर काजळीचा जाड थर बसे. आज एखाद्या पबच्या माळ्यावर काजळलेले वासे सापडले, की खालचा बार कधी काळी असा उघडा कक्ष होता हे अभ्यासक ठामपणे सांगू शकतात. डेव्हनमध्ये तर काही घरांच्या शाकारणीचा सर्वांत खालचा थरही मध्ययुगापासूनचा, धुराने काळवंडलेला, जसाच्या तसा सापडला आहे. शाकारणाऱ्यांनी दर वेळी जुने गवत न काढता वर नवे चढवले, म्हणून तो टिकला.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत विटांची किंवा दगडाची धुराडी आली आणि घराचे पोट बदलले. धुराला वाट मिळाली, तेव्हा उघड्या कक्षाच्या मध्यावर नवा मजला टाकून वर निजायच्या खोल्या करता आल्या. खेड्यातल्या पबच्या ठेंगण्या छताचे खरे कारण बहुधा हे आहे. जुनी माणसे बुटकी होती म्हणून छत खाली, असे सर्रास सांगितले जाते. पण जिथे मजला कल्पिलाच नव्हता अशा उंचीत तो बसवायचा, वर खोल्यांनाही जागा ठेवायची आणि जाड तुळया खाली येणार, मग डोके आपटणारच. अशा तुळयांवर ‘डोके सांभाळा’ अशी पाटी लावणे हा पबवाल्यांचा आवडता विनोद.

अशीच दुसरी आवडती गोष्ट म्हणजे तुळया मोडीत काढलेल्या जहाजांच्या असल्याची. समुद्रापासून दूर आतल्या भागात वसलेले पबही ती सांगतात. तुळयांवर निरुपयोगी खाचा आणि भोके दिसतात हा त्यांचा पुरावा. वस्तुतः जुन्या घराचे लाकूड नव्या घरात वापरणे ही सर्वत्र रीत होती, आणि त्या खाचा मोडलेल्या घराच्या किंवा धान्याच्या कोठाराच्याच असतात. पबच्या तळघरातून चर्चपर्यंत गुप्त भुयार असल्याच्या कथाही याच मालिकेतल्या.

धुराड्याबरोबर आली ती ‘इंगलनुक’ शेकोटी, म्हणजे भिंतीतली एक छोटी खोलीच. वर एक अवजड आडवी तुळई, आत दोन्ही बाजूंना बसायला दगडी किंवा लाकडी बैठका, एका कुशीत पाव भाजायची भट्टी आणि उबेत मीठ कोरडे राहावे म्हणून छोटा कोनाडा. तुळईवर पुष्कळदा अश्रूच्या आकाराचे जळल्याचे डाग दिसतात. ते अपघाताने पडलेले नाहीत. ज्योत विशिष्ट कोनात धरून मुद्दाम पाडलेले आहेत, आग आणि अभद्र यांपासून घर राखण्यासाठी. कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलेही अशाच हेतूने कोरली जात. पुढे कोळशाचा वापर वाढला तेव्हा या मोठ्या शेकोट्या विटांनी बुजवून लहान लोखंडी जाळ्या बसवल्या गेल्या. विसाव्या शतकात हौशी मालकांनी त्या पुन्हा फोडून उघड्या केल्या. आज जुनी वाटणारी पुष्कळ इंगलनुके अशी पुन्हा उघडलेली आहेत.

बांधकामाचे साहित्य जवळच्या जमिनीतून येई, त्यामुळे काउंटी बदलली की पबचा चेहरा बदलतो. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, छपरालाही दगडाचेच पातळ तुकडे, खाली मोठे आणि आढ्याकडे लहान होत गेलेले. डेव्हनमध्ये माती आणि पेंढा तुडवून केलेल्या हातभर जाड भिंती, कोपरे गोलसर, वर गवती छप्पर. नॉरफक-सफकमध्ये गारगोटीचे दगड चुन्यात बसवलेले आणि वर बाकदार लाल कौले. केंट आणि ससेक्समध्ये भिंतींवरही कौले टांगलेली किंवा आडव्या फळ्या मारलेल्या. यॉर्कशरच्या टेकड्यांवर करडा, खरबरीत वाळूचा दगड. चेशर आणि हेरेफर्डशरमधली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची घरे पाहून तीच जुन्या इंग्लंडची खूण असे वाटते, पण तो गडद काळा रंग बऱ्याच अंशी व्हिक्टोरियन काळाची देणगी आहे. त्याआधी ओक तसाच सोडला जाई आणि उन्हापावसाने रुपेरी करडा होई, किंवा लाकडासकट सगळ्या भिंतीवर सफेदी फिरवली जाई.

बाहेरचा चेहरा फसवाही असतो. अठराव्या शतकात लाकडी सांगाडा गावंढळ वाटू लागला. ज्या मालकाच्या हातात थोडा पैसा आला त्याने रस्त्याकडच्या अंगाला विटांची सपाट, सममित भिंत उभी करून वर-खाली सरकणाऱ्या काचेच्या तावदानांच्या खिडक्या बसवल्या. मागच्या बाजूला जाऊन पाहिले, की त्याच इमारतीचा तीनशे वर्षे जुना सांगाडा उघडा पडतो. म्हणून पबचे वय दर्शनी भागावरून ठरवू नये. दारावर लिहिलेल्या सालावरूनही ठरवू नये. ते जुन्या इमारतीचे असेल, परवान्याचे असेल, किंवा त्या जागेच्या कागदपत्रातल्या पहिल्या उल्लेखाचे. इंग्लंडमधला सर्वांत जुना पब आपलाच, असे सांगणारे पब अनेक आहेत. लाकडातली वाढीची वर्तुळे मोजून झाड कधी तोडले ते ठरवण्याची पद्धत आली तेव्हापासून यातले कित्येक दावे काही शतकांनी तरुण झाले.

घराचा पब होताना सर्वांत आधी प्रश्न येतो तो पिंपे ठेवायची कुठे. पारंपरिक इंग्लिश बिअर पिंपात भरल्यावरही आतल्या यीस्टमुळे मुरत राहते. पिंप आडवे, जरासे कलते ठेवून गाळ तळाशी बसू द्यावा लागतो आणि एकदा बसल्यावर ते हलवता येत नाही. तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले पाहिजे. विजेच्या आधी हे सांभाळणे म्हणजे बांधकामाचेच काम. जिथे जमीन कोरडी तिथे तळघर. जिथे पाणी वर, तिथे उत्तरेकडची, जाड भिंतींची, दोन-तीन पायऱ्या खाली उतरलेली खोली. फर्किन या पिंपात ९ गॅलन, म्हणजे सुमारे ४१ लिटर बिअर मावते, मोठी पिंपे याच्या दुप्पट-चौपट. त्यांना आत न्यायला रस्त्याच्या कडेला जमिनीत झडपा आणि खाली घसरत जाणारी फळ्यांची जोडी असे. आजही अनेक पबांसमोर पायाखाली या लाकडी झडपा लागतात.

पिंपातून पेल्यापर्यंत बिअर कशी पोहोचते, यावर आतली सगळी मांडणी ठरली. जुन्या काळी बार काउंटर नव्हताच. गिऱ्हाईक घरच्या बैठकीत, विस्तवाजवळ बसे आणि घरधनीण किंवा पोऱ्या मागे जाऊन जगमधून बिअर आणी. पुढे मागच्या खोलीच्या दाराला अर्धे झडप करून तिथूनच पेले देण्याची सोय झाली. १७९७ मध्ये जोसेफ ब्रामा या संशोधकाने बिअर वर खेचणाऱ्या हातपंपाचे पेटंट घेतले. हा पंप कुठेतरी घट्ट बसवावा लागतो, दांडा ओढायला उभे राहण्याची जागा लागते, पेले ठेवायला फळी लागते. शहरातल्या दुकानवजा जिनच्या अड्ड्यांनी ही फळी लांबवून काउंटर केला आणि तिथून तो सगळीकडे पसरला. खोलीचे तोंड फिरले ते यामुळे. आधी माणसे शेकोटीभोवती बसत, आता काउंटरकडे पाहत उभी राहू लागली.

काही खेड्यांत मात्र हे वळण कधी आलेच नाही. बर्कशरमधल्या ऑल्डवर्थ गावचा ‘बेल इन’ अडीचशेहून अधिक वर्षे एकाच घराण्याकडे आहे. तिथे काउंटर नाही. काचेच्या तावदानांची छोटी खिडकी आहे, तिच्या पलीकडे बिअर आणि अलीकडे गिऱ्हाईक. डॉर्सेटच्या वर्थ मॅट्रॅव्हर्स गावातल्या ‘स्क्वेअर अँड कंपास’मध्ये दगडी फरशीच्या बोळात उभे राहून झडपेतून पेला घ्यावा लागतो. गावाभोवती परबेक दगडाच्या खाणी आहेत. गुण्या आणि कंपास ही पाथरवटांची हत्यारे पबच्या नावात आली ती त्यामुळे, आणि शेजारच्या खोलीत जीवाश्मांचे छोटे संग्रहालय आहे. अशा ठिकाणी गर्दीच्या दिवशी बोळ तुंबतो, मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावरून पैसे देतो, आणि कोणी तक्रार करत नाही.

खोल्यांची वाटणीही घराकडूनच आली, पण तिच्यात एकोणिसाव्या शतकाने वर्गभेद भरला. ‘पब्लिक बार’ किंवा ‘टॅप रूम’मध्ये मजूर, चिखलाचे बूट, फरशी किंवा उघड्या फळ्या. ‘सलून’ किंवा ‘पार्लर’मध्ये सतरंजी, गादीच्या खुर्च्या आणि त्याच बिअरचा थोडा चढा दर. ‘स्नग’ ही सर्वांत छोटी खोली. ज्यांना चारचौघांत पिताना दिसायचे नसे, म्हणजे बायका, कधी धर्मगुरू, कधी गावचा पोलीस, ते इथे बसत. याशिवाय घरी बिअर न्यायला आलेल्यांसाठी, ज्यांत जग घेऊन पाठवलेली मुलेही असत, एक निराळी खिडकी असे. खोलीला खोलीचे निराळे दार असल्याने एकाच छपराखाली पाटील आणि गडी एकमेकांची नजर न भिडवता पिऊ शकत.

या खोल्यांतले सर्वांत इंग्लिश फर्निचर म्हणजे ‘सेटल’, उंच पाठीचे लाकडी बाकडे. ती पाठ दाराकडून येणारा गार झोत अडवते. शेकोटीच्या दोन्ही बाजूंना दोन सेटल समोरासमोर ठेवली की भिंत न बांधता उबदार खोली तयार होते. काही ठिकाणी ती जागेवरच ठोकलेली असतात, काही ठिकाणी चंद्रकोरीसारखी वळवलेली. अभ्यासकाच्या लेखी ते फर्निचर नसून बांधकामाचाच भाग असते, आणि ते बरोबरच आहे.

पब म्हणून किंवा निदान सराई म्हणून मुद्दाम बांधलेल्या इमारती खेड्यांतही आहेत, पण त्या वेगळ्या कुळातल्या. सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप गावचा ‘जॉर्ज इन’ हिंटनच्या कार्थुझियन मठाने बांधला. गावात लोकरीचा बाजार भरे, व्यापाऱ्यांना उतरायला आणि मालाला जागा हवी होती. तळमजला दगडी, मधोमध कमानीचे प्रवेशद्वार, आणि वरचे दोन मजले लाकडी, एकावर एक रस्त्याकडे झुकत बाहेर आलेले. १६६८ मध्ये रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस इथे जेवला, १६८५ च्या बंडात मन्मथच्या ड्यूकचा तळ इथे पडला. सरकारी वारसा यादीत या इमारतीला पहिली श्रेणी आहे. नॉरफकमधल्या स्कोल गावचा ‘स्कोल इन’ १६५५ चा, विटांचा, डच पद्धतीच्या वळणदार त्रिकोणी माथ्यांचा. त्याची कोरीव लाकडी पाटी एके काळी सबंध रस्त्यावर कमानीसारखी उभी होती. घोडागाड्यांच्या अमदानीत अशा सराया भरभराटल्या. गाडी थेट आत जाईल एवढी उंच कमान, मागे फरसबंद चौक, तबेले, वर नोकरांची जागा. रेल्वे आली आणि या मार्गांवरची वर्दळ काही वर्षांत ओसरली. तबेल्यांचे पुढे स्किटल्स खेळायचे लांब दालन झाले, मोटारींचे गॅरेज झाले, अलीकडे भोजनगृह.

डेव्हनमध्ये आणखी एक कूळ आढळते. चर्चच्या निधीसाठी गावजेवण आणि एलविक्री करायला गावाने चर्चशेजारी ‘चर्च हाउस’ बांधलेले असे. धर्मसुधारणेनंतर कर्मठांनी हे उत्सव बंद पाडले, इमारती रिकाम्या पडल्या आणि त्यांतल्या काहींचे पब झाले. हार्बर्टन गावचा ‘चर्च हाउस इन’ हे नाव तो इतिहास सरळच सांगते.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांजवळचे मद्यपान आटोक्यात आणायला सरकारने १९१६ मध्ये कार्लाइल आणि आसपासच्या भागातले पबच ताब्यात घेतले. ही व्यवस्था १९७३ पर्यंत चालली. तिथे हॅरी रेडफर्न या वास्तुविशारदाने प्रकाश, बसायला पुरेशी जागा आणि जेवण यांना महत्त्व देणारे नवे पब बांधले. दोन महायुद्धांमधल्या काळात बिअर कंपन्यांनीही ‘सुधारलेले’ पब काढले आणि त्यांना जुनेपणाचा मुलामा दिला. विटांच्या भिंतीवर काळ्या फळ्या ठोकून केलेली ही नकली ट्युडर शैली इतकी फैलावली, की अनेक खऱ्या जुन्या पबांनीही आपल्या अंगावर खोट्या तुळया लावून घेतल्या.

खरी मोडतोड १९६० आणि १९७० च्या दशकांत झाली. बहुतेक पब बिअर कंपन्यांच्या मालकीचे होते आणि त्यांना थोड्या माणसांत जास्त गिऱ्हाइके सांभाळायची होती. काउंटरमागच्या एका माणसाला सगळे दिसावे, ही पोलीस आणि परवाना देणाऱ्यांचीही इच्छा. वेगवेगळ्या बारांमधला वर्गभेद लोकांना नकोसा झाला होता, तेही खरे. स्नग, पार्लर, टॅप रूम यांच्यामधल्या भिंती पाडून एकच मोठा हॉल करण्यात आला, सेटल उचलली गेली, गालिचे आले. चांगल्या हेतूने आणि वाईट हेतूने पडलेली भिंत सारखीच पडते. आज छताकडे पाहिले तर पाडलेल्या भिंतींच्या जागी टाकलेले लोखंडी गर्डर जुन्या खोल्यांचा नकाशा दाखवतात.

१९७१ मध्ये पारंपरिक बिअर वाचवण्यासाठी ‘कॅमरा’ ही ग्राहक चळवळ सुरू झाली. पुढे तिने ऐतिहासिक अंतर्भाग शाबूत असलेल्या पबांची यादी करायला घेतली, तेव्हा देशभरातल्या हजारो पबांमधून काही शेकडेच निकषांत बसले. १९४७ च्या नगररचना कायद्याने वारसा इमारतींची जी यादी सुरू केली, तिच्यात नाव असले की बाहेरच्याच नव्हे तर आतल्या बदलांनाही परवानगी लागते. बाकडे किंवा झडप काढायची तरी विचारावे लागते. फ्लीस इनला २००४ च्या फेब्रुवारीत आग लागली आणि गवती छप्पर जळाले. दुरुस्ती होऊन पब २००५ च्या जूनमध्ये उघडला, पुन्हा शाकारणी करूनच.

स्टॅफर्डशरमधल्या हिमली गावच्या ‘क्रुकेड हाउस’चे नाव वारसा इमारतींच्या यादीत नव्हते. १७६५ मधले हे शेतघर खालच्या कोळशाच्या खाणींमुळे एका बाजूला खचले, आणि त्याच्या तिरकेपणामुळे पब म्हणून ते प्रसिद्ध झाले. टेबलावरची गोटी चढाकडे जाताना दिसे. ऑगस्ट २०२३ मध्ये, विक्री झाल्यानंतर लवकरच, तिथे आग लागली आणि दोनच दिवसांत उरलेली इमारत पाडली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्थानिक परिषदेने ती होती तशी पुन्हा बांधण्याची नोटीस मालकांना बजावली.

बंद पडलेला खेड्यातला पब बहुधा राहते घर होतो, कारण त्याला घर करायला फारसे काही करावे लागत नाही आणि जमिनीला घर म्हणून भाव जास्त मिळतो. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पबचा वापर बदलायला किंवा तो पाडायला नियोजन परवानगी बंधनकारक झाली. त्याआधी २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने गावाला एखादा पब सामुदायिक मालमत्ता म्हणून नोंदवून घेण्याचा आणि तो विकायला निघाला तर पैसे जमवायला मुदत मागण्याचा हक्क दिला. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने कायद्याची वाट पाहिली नव्हती. तिथल्या ‘ओल्ड क्राउन’ पबमागच्या जुन्या कोठारात १९८८ मध्ये बिअरची भट्टी सुरू झाली होती. १९९९ मध्ये ती एका सहकारी संस्थेने घेतली आणि २००३ मध्ये शंभराहून अधिक भागधारकांनी मिळून पबही विकत घेतला.